धक्का जमिनीला, हिंदोळा पाण्याला

१० जुलै २०२४. सकाळी सव्वासातचा सुमार. हिंगोली, नांदेड, परभणी आणि वाशिमच्या पट्ट्यात मांडणीवरची भांडी वाजली, पत्रे थरथरले, माणसं अंगणात धावली. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने रिश्टर मापनावर आकडा दिला ४.५, आणि केंद्रबिंदू सांगितला तो हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याच्या परिसरात. त्याच वर्षी २१ मार्चला, सकाळी सहा वाजून गेल्यावर, याच भागात दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ असे दोन धक्के बसले होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना तर जमिनीखालची गडगड वर्षानुवर्षं ओळखीची आहे.

अशा सकाळी चौकशी होते ती घरांची. भिंतीला तडा गेला का, शाळेचं छत ठीक आहे का, कुणाला लागलं तर नाही ना. तळ्याची विचारपूस कुणी करत नाही. वाशिम शहराला पाणी देणाऱ्या एकबुर्जीने, गावातल्या पद्मतीर्थाने, कारंज्याच्या ऋषी तलावाने त्या सकाळी काय केलं? बहुधा काहीच नाही. केलं असेल तरी ते डोळ्यांना दिसण्याजोगं नसणार. केंद्रबिंदू वाशिमपासून सरळ रेषेत सत्तर-ऐंशी किलोमीटरवर होता. एवढ्या अंतरावर ४.५ च्या धक्क्याला माणूस दचकतो, पण तळं दचकत नाही.

आणि तरीही हजारो किलोमीटरवरच्या, वाशिममध्ये कुणाला जाणवलाही नाही अशा भूकंपाने याच जिल्ह्यातलं एखादं गावतळं हलू शकतं. ऐकायला उफराटं वाटतं, पण भूकंप आणि तळं यांच्या नात्यातली गोम इथेच आहे.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण युरोपातलं. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने जमीनदोस्त झाली. त्याच सकाळी तिथून बरंच दूर, स्कॉटलंडमधल्या लॉख लोमंड या सरोवराचं पाणी अचानक काठावर चढलं, काही मिनिटांत उतरलं, पुन्हा चढलं. वर चढण्याची नोंद आहे सुमारे २ फूट ४ इंच. वारा नव्हता, पाऊस नव्हता, जमीन हलल्याचं कुणाला कळलं नव्हतं. हॉलंडच्या कालव्यांतही नावा दोरखंड तोडू लागल्या. लिस्बनची बातमी यथावकाश पोचली तेव्हा लोकांनी दिवस आणि वेळ जुळवून पाहिली.

पाणी भरलेली परात दोन्ही हातांत धरून चालून पाहा. पाणी हळूहळू एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जायला लागतं. पावलांचा ठेका त्या येरझारेशी जुळला की चार-सहा पावलांत पाणी सांडतं. ठेका बदलला की निवळतं. पावलं किती जोरात टाकली याला फारसं महत्त्व नाही, महत्त्व ठेक्याला आहे. तळ्याचंही असंच. प्रत्येक तळ्याचा, त्याच्या लांबी-खोलीनुसार, स्वतःचा एक ठेका असतो. शास्त्रज्ञ या झुलण्याला ‘सेश’ म्हणतात. जिनिव्हाच्या सरोवरावर एकोणिसाव्या शतकात फोरेल या स्विस शास्त्रज्ञाने त्याचा बारकाईने अभ्यास केला. तिथे पाणी झुलवायचं काम मुख्यतः वारा आणि हवेचा दाब करतात. भूकंप हा तिसरा हात, क्वचित येणारा.

हा ठेका काढायचं सूत्र शाळकरी मुलाला जमेल इतकं सोपं आहे. तळ्याची लांबी दुप्पट करा. मग खोलीला ९.८ ने गुणून त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याने त्या दुपटीला भागा. लांबी-खोली मीटरमध्ये घेतली की उत्तर सेकंदांत येतं. समजा एक गावतळं आहे, शंभर मीटर लांब आणि चार मीटर खोल. त्याचं पाणी एका काठाहून निघून पलीकडे जाऊन परत यायला साधारण ३२ सेकंद लागतील. तीन मीटर लांब, मीटरभर खोल हौद असेल तर दोन सेकंदही लागणार नाहीत. आणि लोणार सरोवर? पाण्याचा व्यास सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर, खोली पाच-सहा मीटर धरली तर एका येरझारेला पाच-सहा मिनिटं.

आता भूकंपाकडे या. भूकंपाच्या लाटांमध्ये सगळ्या प्रकारचे ठेके मिसळलेले असतात, पण अंतर वाढत जातं तसे झटपट ठेके खडकातच विरून जातात. सेकंदाला पाच-सात वेळा हलवणारी, भांडी वाजवणारी थरथर काही डझन किलोमीटरांत मरते. जमिनीच्या पृष्ठभागालगत सरकणाऱ्या, एका झुल्याला वीस-तीस सेकंद घेणाऱ्या लाटा मात्र हजारो किलोमीटर जातात. आणि अशा संथ लाटा पुरेशा ताकदीने जन्मतात त्या फक्त मोठ्या भूकंपात. ४.५ च्या भूकंपाकडे तेवढी पुंजीच नसते. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे तीसपट होते. त्यामुळे ४.५ आणि ९ यांतलं अंतर दुप्पट नाही, कित्येक लाख पटींचं आहे.

हिशेब जुळवून पाहा. हिंगोलीचा धक्का झटपट हलवणारा. त्याने एखाद्या घरामागच्या हौदाचं पाणी डुचमळेल, मोठ्या तळ्याचं नाही. सुमात्रा किंवा हिमालयातला महाकाय भूकंप संथ हलवणारा, आणि त्याचा वीस-तीस सेकंदांचा ठेका नेमका शंभर मीटरच्या गावतळ्याच्या ठेक्याशी जुळतो. लोणार किंवा जिल्ह्यातले मोठे जलाशय या दोन्हींच्या कक्षेबाहेर पडतात, त्यांचा ठेका फारच सावकाश. मोठं तळं म्हणजे मोठी लाट हा आपला अंदाज इथे साफ चुकतो.

२६ डिसेंबर २००४ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ चा भूकंप झाला. त्सुनामीच्या हाहाकारात एक गोष्ट मागे पडली. त्या दिवशी बंगालमधल्या अनेक पुकुरांचं, म्हणजे घरामागच्या तळ्यांचं, पाणी काठ ओलांडून बाहेर आलं. समुद्राशी त्या तळ्यांचा काही संबंध नव्हता. त्या भूकंपाने पृथ्वीवर सगळीकडेच जमीन किमान एक सेंटीमीटरभर तरी हलली, असं नंतरच्या विश्लेषणात दिसलं. म्हणजे वाशिमची जमीनही हलली. लाटांना तिथून इथवर यायला तेरा-चौदा मिनिटं लागली असतील. ही हालचाल इतकी संथ असते की खाटेवर पडलेल्या माणसाला ती कळायची नाही. एखाद्या लांबट तलावाचं पाणी मात्र घाटाच्या पायरीवर बोटभर वर-खाली झालंही असेल. पण थंडीतल्या रविवारी सकाळी पावणेसातला पायरीकडे टक लावून कोण बसतं?

या विषयात भारताचं नाव आणखी एका कारणाने निघतं. १५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी आसाम-तिबेट सीमेवर ८.६ चा भूकंप झाला. नॉर्वेच्या फ्योर्डमधलं आणि इंग्लंडमधल्या जलाशयांतलं पाणी त्या सुमारास झुलल्याच्या नोंदी सापडल्या. नॉर्वेजियन भूकंपतज्ज्ञ अँडर्स क्वाले यांनी त्या गोळा करून १९५५ मध्ये या प्रकाराला ‘भूकंपजन्य सेश’ असं स्वतंत्र नाव दिलं. साठ वर्षांनी, मार्च २०११ मध्ये, जपानच्या ९ च्या भूकंपाने हेच फ्योर्ड पुन्हा झुलवले. या वेळी लोकांच्या हातात मोबाइल होते, त्यामुळे चित्रफिती आहेत.

पण आकड्यांची खरी रास मिळाली ती १९६४ च्या अलास्का भूकंपात (९.२). अमेरिकेत नद्या-तलावांवर हजारो पातळीमापक यंत्रं बसवलेली होती. त्यांपैकी साडेआठशेहून अधिक यंत्रांनी झुलणं टिपलं. त्यात हजारो किलोमीटरवरची, मेक्सिकोच्या आखाताकाठची लुइझियाना-टेक्सासची तळीही होती. ते यंत्र कसं असतं ते सांगण्यासारखं आहे. विहिरीसारख्या उभ्या नळात पाण्यावर एक तरंगता डबा, त्याला बांधलेली तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला वजन, मधे चाक आणि चाकाला जोडलेली शाईची निब. निबेखाली घड्याळाच्या चावीवर सावकाश फिरणारा कागदाचा ढोल. एरवी त्या कागदावर दिवसभराची एक शांत, जवळजवळ आडवी रेघ उमटते. कागद तासाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतो आणि पाणी मिनिटाला दोनदा वर-खाली होतं. त्यामुळे येरझाऱ्या सुट्या उमटतच नाहीत. सगळ्या एकावर एक गिरवल्या जाऊन एकच उभी, जाड, शाई फुटलेली रेघ तयार होते. अडाण्याला वाटावं निब अडकली. अलास्काच्या रात्रीनंतर अमेरिकेत जागोजागी अशा रेघा निघाल्या, तेव्हा कळलं की निब अडकली नव्हती.

अमेरिकेतल्याच नेवाडाच्या वाळवंटात ‘डेव्हिल्स होल’ नावाची कोमट पाण्याची एक कपार आहे. तिथल्या कातळाच्या एका उथळ फळीवर पपफिश नावाच्या इवल्याशा माशाची एक जात राहते, आणि नैसर्गिक अवस्थेत ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मेक्सिकोत ७.६ चा भूकंप झाला आणि वीसेक मिनिटांनी या कपारीत चार-चार फुटांच्या लाटा उठल्या. फळीवरचं शेवाळ धुऊन गेलं. शेवाळ म्हणजे माशाचं अन्न, तेव्हा हे नुकसानच. पण अशा धुलाईनंतर तिथे मासे अंडी घालायला सरसावतात असंही संशोधकांनी पाहिलं आहे. आपल्या तळ्यातल्या कटल्या-रोहूंना असं काही होतं का, याचा अभ्यास व्हायला हरकत नाही.

आतापर्यंतचं सगळं तात्पुरतं. पाणी झुलतं, तासाभरात किंवा दिवसभरात निवळतं आणि पातळी होती तिथेच येते. कायमची पातळी बदलायची तर तळ्याचं भांडंच वाकडं व्हायला हवं. तेही घडतं, पण भ्रंश तळ्याखालून किंवा अगदी शेजारून गेला तरच. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री अमेरिकेत मोंटानातल्या हेब्गेन तलावाखालची जमीन कलली. उत्तरेचा काठ खचून तिथल्या कुटी पाण्यात गेल्या. दक्षिणेचे नावांचे धक्के कोरडे पडले. पाणी धरणाच्या माथ्यावरून पलीकडे सांडलं, परत आलं, पुन्हा सांडलं. मातीचं धरण कसंबसं टिकलं. त्याच रात्री खालच्या दरीत डोंगर कोसळून नदी अडली आणि एक नवाच तलाव तयार झाला. त्या भूकंपात २८ माणसं गेली.

आपल्या देशातलं उदाहरण याहून जुनं आणि मोठं आहे. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या रणात भूकंप झाला. सिंदरी नावाचा किल्ला आणि त्याभोवतीची जमीन खचली, समुद्राचं पाणी आत शिरलं आणि तिथे सरोवर झालं. त्याच्या उत्तरेला काही मीटर उंचीचा, कित्येक किलोमीटर लांबीचा मातीचा उंचवटा वर आला. माणसाने न बांधलेला बांध म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’ म्हटलं. चार्ल्स लायेल यांनी भूशास्त्रावरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात पाण्यात उभ्या सिंदरीचं चित्र छापलं आणि कच्छचं हे तळं जगभरच्या विद्यार्थ्यांना माहीत झालं.

आता लोणार. हे सरोवर बुलडाणा जिल्ह्यात असलं तरी वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडकरांना ते शेजारच्या गावचं. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पाणी घटलेलं आणि क्षार वाढलेले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे रंगाचं कारण असल्याचं सांगितलं. त्यानंतरच्या वर्षांत उलटा प्रकार सुरू झाला. पाणी चढत गेलं आणि काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिराशी येऊन भिडलं. याच काळात हिंगोलीच्या बाजूला धक्केही बसत होते. दोन गोष्टी शेजारी-शेजारी घडल्या की त्यांची गाठ मारायचा मोह होतो. मला तो मोह आवरावासा वाटतो.

कारण भूकंपाने लोणारची पातळी वाढायची तर तीनच वाटा आहेत. पाणी झुलायला हवं, पण त्यात सरासरी पातळी बदलत नाही. विवराचा तळ कलायला हवा, पण त्यासाठी विवराखालून भ्रंश फाटायला हवा, आणि शंभरएक किलोमीटरवरच्या ४.५ च्या धक्क्याने ते होत नाही. उरली तिसरी वाट: खडकातल्या भेगा हादऱ्याने मोकळ्या होऊन झऱ्यांचं पाणी वाढणं. ही वाट खरी आहे. कॅलिफोर्नियातल्या १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपानंतर ओढ्यांचे प्रवाह पाऊस नसताना वाढले होते. पण तो भूकंप ६.९ चा होता आणि ते ओढे केंद्राजवळचे होते. लोणारच्या बाबतीत साधं कारण डोळ्यासमोर आहे. या सरोवराला बाहेर जायला वाट नाही. विवराच्या कड्यांवरून येणारं पावसाचं पाणी, ‘धार’सारखे बारमाही झरे, हे सगळं आत येतं. बाहेर जातं ते मुख्यतः वाफ होऊन. अशा बंद तळ्याला प्रत्येक चांगल्या पावसाळ्याची शिल्लक पुढच्या वर्षी ओढावी लागते. ओळीने दोन-चार वर्षं बरा पाऊस झाला की पातळी चढणारच, आणि आसपासच्या शिवारात भूजल वाढलं की झरेही जोर धरणार. भूकंपाला ओढून आणायची गरज पडत नाही.

तिसऱ्या वाटेकडे मात्र नीट पाहायला हवं, कारण वाशिम जिल्ह्यात भूकंपाचा खरा साक्षीदार तळं नाही, बोअर आहे.

जिल्ह्याची जमीन म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. वर काळी माती, खाली मुरूम, मग कधी सच्छिद्र मांजऱ्या खडक, कधी एकसंध काळा कातळ, पुन्हा मांजऱ्या. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि कातळाच्या भेगांत. आपली जुनी विहीर रुंद तोंडाची, वरच्या मुरमातलं पाणी घेणारी. तिचं पाणी वर हवेला उघडं असतं, त्यामुळे खालचा खडक किंचित दबला तरी तिच्यात फारसा फरक दिसत नाही. खोल बोअरची गोष्ट वेगळी. ती कधी दोन कातळांमध्ये कोंडलेल्या पाण्यापर्यंत पोचते. भूकंपाची लाट जाताना तो थर केसभर दाबला-ताणला जातो, आणि सहा-साडेसहा इंचांच्या नळीत पाणी चांगलं वर-खाली होतं. १९६४ च्या अलास्का भूकंपात अमेरिकेतल्या दक्षिण डाकोटा राज्यातल्या एका विहिरीत पाण्याने वर-खाली मिळून सात मीटरचा झोका घेतला होता. ती विहीर अलास्कापासून हजारो किलोमीटरवर होती.

महाराष्ट्रात याचं काम झालं आहे ते कोयनेत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोयना-वारणा भागात २१ बोअर घेऊन त्यांत पाण्याच्या दाबाची सतत नोंद करणारी यंत्रं सोडली. या बोअर इतक्या हळव्या निघाल्या की चंद्र-सूर्याच्या ओढीने खडकाला दिवसातून दोनदा बसणारा ताणही त्यांच्या पातळीत दिसला. तिथल्या स्थानिक, साडेचार-पाचच्या भूकंपांना वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतल्या काही बोअरनी सेंटीमीटरच्या हिशेबात प्रतिसाद दिला. आणि २००४ चा सुमात्रा भूकंप, सुमारे २९०० किलोमीटरवरचा, तोही या बोअरमध्ये उमटला. अंतराचं आणि आकाराचं गणित इथे शेजारी-शेजारी ठेवलेलं दिसतं: साडेचारचा भूकंप हाकेच्या अंतरावर लागतो, नऊचा असला तर देश ओलांडून चालतो.

कोयनेचं नाव निघालं की नातं उलटं फिरतं. तिथे तळ्याने भूकंप घडवले. १९६२ पासून कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला, आणि आधी फारसे धक्के ठाऊक नसलेल्या त्या भागात भूकंपांची मालिका सुरू झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झालं आणि सुमारे १८० माणसं मेली. पाण्याचं वजन हे त्यातलं एक कारण; त्याहून महत्त्वाचं म्हणजे भेगांत मुरत जाणारं पाणी जुन्या भ्रंशाच्या दोन बाजूंमधली पकड सैल करतं. पावसाळ्यानंतर पाणी चढलं की काही आठवड्यांनी धक्क्यांची संख्या वाढते हे तिथे अनेक वर्षं दिसत आलं आहे. म्हणून जगभरातले लोक कोयनेला येतात, आणि म्हणूनच कराडजवळ केंद्र सरकारची खोल विवरांच्या संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. वाशिम जिल्ह्यातल्या एकबुर्जी किंवा अडाण या जलाशयांबद्दल अशी शंका घ्यायला आधार नाही. कोयनेची भिंत शंभर मीटरहून उंच आणि साठा शंभर टीएमसीच्या घरात. त्यात खाली आधीच ताणलेला भ्रंश. नुसतं पाणी पुरत नाही, ताण तयार असावा लागतो.

तळ्याच्या काठावर राहणाऱ्याने काळजी करायची तर पाण्याच्या झुलण्याची नको, भिंतीची करावी. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कच्छमधल्या बऱ्याच लहान-मध्यम मातीच्या धरणांचे माथे खचले, उतार घसरले, भिंतीला लांबच लांब भेगा गेल्या. पायाखालचा ओला वाळू-गाळ हादऱ्याने पातळ झाला होता. त्या साली तिथे दुष्काळ होता, धरणं जवळजवळ रिकामी होती, म्हणून भेगांतून पूर आला नाही. वाशिमचे बहुतेक प्रकल्पही मातीच्या भिंतीचे आहेत. पायाखाली वाळूच्या जाड थरांऐवजी बसाल्ट असल्याने कच्छइतकी भीती नाही, आणि जिल्हा भूकंपाच्या दृष्टीने कमी धोक्याच्या भागात मोडतो. १९९३ च्या भूकंपापर्यंत किल्लारीही तसंच मानलं जात होतं, हे खरं. पण तेवढ्यावरून घबराट करण्यात अर्थ नाही. धक्का बसला की भिंतीच्या माथ्यावरून एक चक्कर मारावी, पायथ्याशी झिरप वाढली का, झिरपणारं पाणी गढूळ झालं का ते पाहावं. स्वच्छ झिरप चालते. गढूळ झिरप म्हणजे भिंतीची माती वाहते आहे.

मोजण्याचं काय? धरणावरची पातळी आपल्याकडे दिवसातून एकदा मोजपट्टीवर वाचतात, पुराच्या दिवसांत तासातासाला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. पाणीटंचाईचं नियोजन करायला हे पुरेसं आहे, भूकंपाची चाहूल घ्यायला नाही. अर्ध्या मिनिटाचं झुलणं रोज सकाळच्या एका आकड्यात कसं सापडणार? अलीकडे काही विहिरींत आपोआप नोंद करणारी यंत्रं बसली आहेत, पण तीही काही तासांनी एकदा आकडा घेतात. धक्क्यानंतर पातळी कायमची वर-खाली झाली असेल तर ती पायरी अशा नोंदीत दिसू शकते. झोका दिसायला सेकंदासेकंदाची नोंद लागते. यंत्राची क्षमता असते, फक्त तसं लावावं लागतं.

२५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपात (७.८) काठमांडूच्या हॉटेलांतले पोहण्याचे तलाव उसळून बाहेर आल्याच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्या. काठमांडू ते वाशिम सरळ अंतर बाराशे किलोमीटरच्या आत. संथ लाटांना इथवर यायला साडेपाच-सहा मिनिटं पुरतात. हिमालयात पुढे कधी तसा किंवा त्याहून मोठा भूकंप झाला, आणि रिसोड-मालेगावच्या शिवारात सेकंदाला नोंद घेणारं एखादं यंत्र खोल बोअरमध्ये सोडलेलं असलं, तर लाटांची सगळी वरात कागदावर उतरेल. अडचण तांत्रिक नाही. शेजारच्या शेतात मोटर सुरू झाली की बोअरची पातळी काही मिनिटांत मीटरभर खाली जाते आणि सेंटीमीटरचा भूकंप त्यात बुडून जातो. त्यामुळे हवी ती आजूबाजूला मोटर नसलेली बोअर. आणि हरभरा-गहू उभा असताना वाशिम जिल्ह्यात अशी बोअर शोधणं हेच या सगळ्यातलं अवघड काम आहे.